कोटेशन मागवण्याआधीचा रविवार

आमच्या डिलाईल रोडच्या चाळीमागे एक मोकळी जागा आहे. मोकळी आपली म्हणायला. त्या वर्षी पाऊस सरत आला तेव्हा तिथे कंबरभर रान माजलं होतं. तळमजल्यावर डास, घुशी, आणि एकदा तर धामण. मीटिंगमध्ये ठरलं की रान काढून घ्यायचं, त्यासाठी तीन ठिकाणांहून कोटेशन मागवायची. आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ऑफिसात खरेदी विभागात आहे, कोटेशन मागवणं हे माझं रोजचंच काम.

"तुला काय, दहा मिनिटांचं काम," चेअरमनकाका म्हणाले. मलाही तसंच वाटलं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत माटुंग्याच्या एका बागकामवाल्याला फोन लावला.

"जागा किती आहे मॅडम?"

"बरीच आहे."

"बरीच म्हणजे? आणि नुसतं वरून कापायचं की मुळासकट? मध्ये ठेवायची झाडं आहेत का? औषध मारायचं? टेम्पो आत येतो? कचरा कोण उचलणार?"

ऑफिसात कुणी असं अर्धवट मागणीपत्र आणलं असतं, तर मीच ते तोंडावर परत केलं असतं. माणूस भला होता. म्हणाला, "आधी सगळं नीट लिहून पाठवा. नाहीतर मी सांगणार एक, तुम्ही समजणार भलतंच."

म्हणून रविवारी सकाळी वही-पेन घेऊन मागे गेले. चेअरमनकाका आधीच हजर, पॅन्ट मोज्यात खोचून. ते रिटायर्ड ड्राफ्ट्समन. "जय भीम, काका," म्हटलं, तर "जय भीम. टेप आणलीस?" एवढंच. मी आणली नव्हती; शेवटी त्यांचीच निघाली, पाच मीटरची. दुसऱ्याच मापाला ती घाणेरीच्या झुडपात अशी अडकली की ओढता ओढता पट्टीच तुटून हातात आली.

वरच्या गॅलरीतून कुणीतरी खो खो हसलं. दुसऱ्या मजल्यावरचे भाऊ. हिंदमाताला साडीच्या दुकानात त्यांची तीस वर्षं गेलीत. "थांबा, आलो," म्हणत ते कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी घेऊन खाली उतरले. आम्ही ती भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणली, आणि भाऊंनी नाकापासून बोटाच्या टोकापर्यंत एक वार, असं करत सगळी दोरी मोजली. काकांचा विश्वास बसेना. शेवटी घरातून फूटपट्टी आणून त्यांनी पाच वार पडताळले. फरक पडला दोन बोटांचा. "दोरी ताणली जाते ना," भाऊ म्हणाले. काकांनी नकाशात लांबी-रुंदी लिहिली, उत्तर दिशेचा बाणसुद्धा काढला.

मग काय काय उगवलंय त्याची यादी. मला त्यातलं फक्त गाजर गवत ओळखता येत होतं, कारण हाताला खाज सुटली होती. तेवढ्यात तळमजल्यावरच्या मालवणी काकू मागच्या दारातून बाहेर आल्या.

"काय लिवतंस गो?"

"काढायचं तण लिहितेय, काकू."

"ह्यां तण?" त्यांनी भिंतीकडेच्या मोठ्या पानांवर हात ठेवला. "ह्यां अळू आसा. मीच लायलंय. ह्यां मी काढूक देवचंय नाय."

पुढचा अर्धा तास त्या बोलल्या आणि मी लिहीत गेले. हा टाकळा, आता जून झालाय, काढा. ही कुरडू, तीही काढा. ही गुळवेल, हिला हात लावायचा नाही. काकांनी नकाशात अळूभोवती ठिपक्यांची रेघ मारली. काढायची यादी छोटी होत चालली तसे ते जरा वैतागले. "आपण रान काढतोय की जनगणना करतोय?"

कोपऱ्यात, भिंतीला टेकून उंबराचं एक पुरुषभर रोप होतं. काका म्हणाले, "हे मात्र मुळासकट. भिंत फोडेल." भाऊ वाकून बघायला गेले आणि तिथेच थबकले. हळूच हाताने आम्हाला बोलावलं. दोन पानं कडेला कड जुळवून शिवली होती. कापसाचे बारीक टाके, आत वाटीएवढं घरटं, आणि त्यात तीन उघड्या चोची. शिंपी पक्षी.

"टाके बघा," भाऊ कुजबुजले. "आमच्या फॉल-बिडिंगवाल्याला असे जमत नाहीत."

शिंपीण तारेवर बसून आमच्या नावाने ओरडत होती. मी काकांकडे पाहिलं. त्यांनी नकाशात उंबरापाशी एक गोल काढला. मग म्हणाले, "लिही. काम पंधरा दिवसांनंतर सुरू करावे. उंबर सगळ्यात शेवटी काढावा."

"आणि औषध?"

"औषध नको. मुळासकट, हाताने."

त्या दुपारी मी पत्र टाईप केलं. जागेचं माप, नकाशा, काय काढायचं, काय ठेवायचं, गाडी गेटपर्यंतच येईल, कचरा त्याच दिवशी उचलावा, हातमोजे वापरावेत. दोन पानं झाली. काकांनी तीनदा वाचून सही केली, आणि "आमच्या साईटवर एवढं कुणी लिहीत नसे," असं पुटपुटले. माझ्यासाठी ते मोठंच सर्टिफिकेट.

तीन ठिकाणी पत्र गेलं. पहिल्याने फोनवरच "एवढी कटकट नको" म्हणून पाय काढला. दुसऱ्याने नुसतं कोटेशन पाठवलं. तिसरा, तो माटुंग्याचा, पत्र हातात घेऊन स्वतः आला, नकाशाप्रमाणे सगळीकडे फिरला आणि मला म्हणाला, "मॅडम, विचारायला काही ठेवलंच नाहीत तुम्ही." मीटिंगमध्ये काम त्यालाच गेलं. त्याआधी पहिल्याच्या जागी काकांनी नवीन ठिकाण शोधून तिसरं कोटेशनही मिळवलं होतं, नियम म्हणजे नियम.

काम सुरू झालं तोवर घरटं रिकामं झालं होतं. दोन दिवसांत मागची भिंत पहिल्यांदा पूर्ण दिसली. त्या संध्याकाळी कुणी न सांगता लोक खुर्च्या घेऊन खाली आले, काकूंनी मोठ्या पातेल्यात चहा टाकला, आणि इतकी वर्षं फक्त जिन्यात भेटणारे आम्ही सगळे अंधार पडेपर्यंत तिथे गप्पा मारत बसलो.