सायखेड्याचा डबा

माझ्या स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर एक स्टीलचा डबा कितीतरी महिने पडून होता. आमचा नव्हता. झाकणावर एका माणसाचं नाव कोरलेलं होतं, लग्नातल्या भांड्यांवर कोरतात तसं, आणि तो माणूस आता हयात नव्हता. सासूबाई अधूनमधून विचारायच्या, "कुणाचा डबा अडवून ठेवलायस हा? देऊन ये की. आणि रिकामा देऊ नको हं." मी नुसतं "हो, हो" म्हणायचे. डबा रिकामा परत करायचा नसतो हे काय मला कळत नव्हतं? पण त्या घरात जे न्यायला हवं होतं तेच माझ्याकडे नव्हतं.

मी गंगापूर रोडच्या बाजूला एका संशोधन संस्थेत काम करते. काय करतेस असं कोणी विचारलं तर हल्ली मी सरळ सांगते, लोकांचं रक्त घेते आणि त्यातली खोट शोधते. आमची खोट म्हणजे रक्तात फिरणारा चरबीचा एक कण. तो आईबापांकडून येतो. पथ्य करा, मैलभर चाला, त्याला फारसा फरक पडत नाही. ज्याच्या रक्तात तो जास्त, त्याला कमी वयात हार्ट अटॅकचा धोका जास्त. दुसऱ्या खोलीत आम्ही रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी वाढवतो, त्यांच्यावर या लोकांच्या रक्तातलं सीरम घालतो आणि पेशी कशा बिथरतात ते बघत बसतो. या पेशींची मी फार काळजी घेते. त्यांचं खाणं बदलायला रविवारीसुद्धा जाते. नवरा म्हणतो, आमच्यापेक्षा त्या पेशींचं नशीब बरं. तेव्हा मला हसू यायचं.

सायखेड्याला शाळेच्या हॉलमध्ये आमचं शिबिर होतं. ज्या घरातलं कोणी तरुणपणी हृदयविकाराने गेलंय, अशा घरांना बोलावलं होतं. रात्रीच्या जेवणानंतर पोटात काही घालायचं नाही, फक्त पाणी चालेल, असं आदल्या दिवशी घरोघर बजावलं होतं. तरी निम्मे लोक चहा पिऊन आले. एक आजोबा उलट माझ्यावरच डाफरले, "चहा म्हंजी काय जेवण हाय का?" माझा पारा चढला. मी चारचौघांत मोठ्याने सुनावलं, की तुमच्यासाठीच करतोय हे सगळं, आम्हाला काय हौस आहे का इतक्या सकाळी यायची! ते "तुमच्यासाठीच" अजून कानात वाजतं आणि कानशिलं गरम होतात.

त्या गोंधळात एक बाई आपल्या मुलाला घेऊन भिंतीशी बसली होती. मुलगा पंचविशीचा, अंगापिंडाने चांगला. "याला मी चहाचा वास बी घेऊ दिला नाय," ती मला म्हणाली, आणि माझा राग तिथेच विरला. तिचा नवरा मार्केटमध्ये टोमॅटोचे क्रेट उतरवताना छातीला हात लावून खाली बसला, तो उठलाच नाही. चाळिशी नुकतीच उलटली होती त्याची.

"बापाचं याच्यात आलंय का, तेवढं सांगा ताई," ती म्हणाली. "दुसरं मला काय नको."

आमच्या अभ्यासाचा नियम असा, की कोणाचाही वैयक्तिक निकाल सांगायचा नाही. सगळे आकडे एकत्र करायचे, निष्कर्ष काढायचा आणि छापायचा. त्याच सकाळी मी तो नियम सगळ्यांना वाचून दाखवला होता. वाचून दाखवला म्हणजे एका दमात उरकला होता. तिने समोर बसून मान डोलावली होती. आणि तरीही मी तिला म्हणाले, "कळवू की, मावशी." गोड बोलायला काय जातं! मला त्या वेळी ते शब्द इतके हलके वाटले.

मुलाचं रक्त घेऊन झाल्यावर तिने पिशवीतून डबा काढला. त्याने उपास सोडावा म्हणून गुळाचा सांजा करून आणला होता. त्याला खायला घातला आणि उरलेला डब्यासकट माझ्या हातात दिला. "तुम्ही बी सकाळपासून उपाशीच असाल." मी नव्हते. येताना वाटेत मिसळ खाऊन आले होते.

आम्ही नमुने तपासायची घाई करत नाही. सगळ्या गावांचं रक्त जमलं की एकदमच किट उघडतो, तोवर नळ्या उणे ऐंशी अंशांवर गोठवून ठेवतो. दिवाळीच्या सुट्टीत आमचा फ्रीझर बंद पडला. असं काही झालं तर एका मोबाइलवर मेसेज जातो, पण तो मोबाइल नोकरी सोडून गेलेल्या एका मुलीचा होता. नंबर बदलायचं काम सगळ्यांचं होतं, म्हणजे कोणाचंच नव्हतं. सुट्टीनंतर दार उघडलं तेव्हा नळ्यांमधलं सगळं वितळून पाणी झालं होतं आणि आत एक कुबट वास कोंडला होता. सायखेड्याचा रॅक पहिल्याच कप्प्यात होता.

अभ्यासाचे प्रमुख असलेले आमचे सर म्हणाले, "सायखेडा वगळा. दुसरं गाव घेऊ." आम्ही दुसरं गाव घेतलं. माणसांनी उपाशी राहून दिलेलं रक्त आम्ही नियमाप्रमाणे पिवळ्या पिशवीत भरून जाळायला पाठवलं आणि सायखेड्यात कोणाला एक फोनही केला नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. निकालच नाही म्हटल्यावर सांगायचा प्रश्नच मिटला! पेशी मेल्या असत्या तर मी दोन दिवस जेवले नसते, हेही तेव्हाच मनात आलं होतं, आणि मी ते झटकून टाकलं.

मग गेल्या महिन्यात तिचा फोन आला. शिबिराच्या वेळी मीच नंबर दिला होता.

"ताई, पोराचं लग्न ठरलं," आवाजात नुसता आनंद. "तुमच्यामुळं जमलं बघा."

"माझ्यामुळे?"

"मग? पोरीकडचे विचारत होते ना, बाप असा अचानक गेला, पोराला तर काय नाय ना? मी म्हनलं, नाशिकच्या मोठ्या लॅबमधी रक्त तपासून घेतलंय. काय वाईट असतं तर त्या ताईंनी कळवलं असतं. त्यांनी तसा शब्द दिला व्हता."

आम्ही गप्प बसलो, कारण आमच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. आणि तिने त्या गप्प बसण्यावर मुलाचं लग्न ठरवलं होतं! तिचं तरी काय चुकलं? आपल्याकडे दवाखान्यातून बोलावणं आलं नाही की माणूस सुटकेचा श्वास टाकतो, मीही टाकते. "मावशी, मी उद्या येते. त्या रक्ताबद्दलच बोलायचंय," एवढंच कसंबसं म्हणाले. फोनवर सांगायची माझी छाती झाली नाही.

सासूबाईंनी रात्री बेसनाचे लाडू केले. डबा एकदाचा जातोय याचाच त्यांना आनंद. मी शहरातल्या एका ओळखीच्या डॉक्टरांशी बोलून ठेवलं, की परवा मुलाला घेऊन येते, सगळ्या तपासण्या करा. एवढं केलं की जरा तरी तोंड दाखवता येईल, असं वाटलं होतं.

सकाळी पोचले तेव्हा ती ओट्यावर माझी वाटच बघत होती. मी बसलेसुद्धा नाही. उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. फ्रीझर बंद पडला, रक्त खराब झालं, तुमच्या मुलाचं रक्त आम्ही तपासलंच नाही. त्याच्यात काही आहे की नाही, मला माहीत नाही. आणि हे मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं.

मला वाटलं आता ती शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण तिने मान हलवली, जसं काही तिला सगळं उमगलं होतं. "म्हंजी म्हनून आज तुम्ही परत घ्यायला आल्या," ती म्हणाली आणि घरात वळून मुलाला हाक मारली.

तो शर्टाची बाही कोपराच्या वर दुमडूनच बाहेर आला.

"तुम्ही रक्ताचं बोलल्या ना, तवाच मी समजले," ती म्हणाली. "रात्रीपासून पोटात काय नाय त्याच्या. शेतावरून आला तरी चहा नाय दिला."

आमच्या त्या कणासाठी उपाशी राहायची गरजच नसते. ते दुसऱ्या तपासण्यांसाठी होतं. हे मला शिबिराच्या दिवशीही माहीत होतं आणि ओट्यावर उभी असतानाही. "मी सुई आणलेली नाही," मी म्हणाले. "उद्या माझ्याबरोबर नाशिकला चला, तिथे घेतील."

"उद्या परत उपाशी?" तिने विचारलं. त्यात राग नव्हता, तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"नाही. उद्या जेवून आलात तरी चालेल."

तिने माझ्या हातातला डबा घेतला. झाकणावरच्या नावावरून सवयीने पदर फिरवला, झाकण काढलं आणि डबा मुलापुढे धरला. "घे. ताईंनी आणलेत."

त्याने बाही खाली केली, एक लाडू उचलला. तोंडाजवळ नेला आणि थांबला.

"आता खाल्लं तर चालंल ना, मॅडम?" त्याने मला विचारलं.