समान वेळेने कोरडी ठेवलेली गल्ली

अन्याय झाला तो घाटकोपरच्या टेकडीवर सगळ्यात वरच्या गल्लीत राहणाऱ्या, ऑफिसांना डबे पुरवणाऱ्या एका मावशीवर. मंगळवारी दुपारी झाला. बुधवार-गुरुवार पाणी पूर्ण बंद राहणार होतं, आणि त्याच दुपारी मावशी लेकीला नि नवजात नातवाला इस्पितळातून घरी आणायला गेली होती. अन्याय कोणी केला? महापालिकेने नाही. पाण्याच्या हक्कासाठी पत्रकं वाटणाऱ्या आमच्याच गटाने.

कुठल्या गल्लीत पाणी कधी येणार, याचा मेसेज पाठवणारं आमचं एक ॲप आहे. त्याचा कोड ओपन सोर्स, म्हणजे कोणीही बघावा, उचलावा, बदलावा. मुलुंडचा एक गट तो वापरतोसुद्धा. हल्ली त्यातले बरेच बदल एआय एजंट करतो. आपण काम सांगायचं, तो कोड लिहितो आणि प्रत्येक बदलाला कमिट मेसेज जोडतो. कमिट मेसेज म्हणजे पुढच्या माणसासाठी चिठ्ठी: काय बदललं, का बदललं. ती कशी लिहायची हे एजंटला एका सूचनांच्या फाइलमधून कळतं.

आमची फाइल दादाने लिहिली होती. दादा गटातला सगळ्यात जुना, पत्रक लिहायला मला त्यानेच शिकवलं. पहिल्या ओळीत कोणावर अन्याय झाला ते, शेवटच्या ओळीत मागणी, आणि मधे कुठेही कच खायची नाही. तेच त्याने एजंटला सांगून ठेवलं: ठाम लिही, लोकांचा फायदा आधी सांग, शंका लिहू नकोस.

मंगळवारी मी अंधेरीला मैत्रिणीकडे होते. आमच्या गटात कोड नीट वाचता येणारी ती एकटीच. दुपारचं जेवण राहिलंच होतं; उशिराच जेवायला बसणार, तेवढ्यात मावशीचा फोन आला.

“अगो, पिंपं कोरडी आहेत. तुमचा मेसेज तर संध्याकाळचा होता ना?”

“हो मावशी. मग येईल की संध्याकाळी.”

“तसं नाय गो. बंदच्या आदल्या दिवशी आमच्याकडे दुपारीच सोडतात, दर वेळी. यंदा तुमचा मेसेज वेगळा आला, म्हटलं बदललं असेल काहीतरी. म्हणून तर निर्धास्त इस्पितळात गेले. आता समोरचे आजोबा सांगतात दुपारी नळ वाहत होता. पण ते कालचं नि आजचं मिसळतात.”

“गल्लीत बाकी कोणी नव्हतं?”

“सगळी कामावर. तुमचा मेसेज वाचूनच गेली सगळी.” मागे बाळ रडत होतं. “खाली टँकर उभा आहे. मी काय करू ते सांग. लेकीला एकटीला टाकून उतरले आणि इथे पाणी आलं तर भरणार कोण? नाय उतरले आणि नाय आलं तर?”

“दोन मिनिटांत सांगते,” म्हणून मी फोन ठेवला आणि मैत्रिणीकडे बघितलं. तिने लॅपटॉप आधीच उघडला होता. आम्हाला एवढंच कळायला हवं होतं: पाणी सोडण्याची वेळ खरंच बदलली, की फक्त आमचा मेसेज बदलला?

वेळांबाबतचा शेवटचा कमिट सापडला. सोबतची चिठ्ठी अशी: “सर्व गल्ल्यांना समान वेळ! भेदभाव करणारा जुना नियम हटवून रहिवाशांच्या हक्काला बळ दिले.”

बस्स. ही चिठ्ठी आली तेव्हा आमच्या ग्रुपवर अंगठ्यांचा ढीग पडला होता. समान म्हटल्यावर आमच्यातला कोण आडवा येणार? बदल तसाच पुढे गेला. आतला कोड कोणी उघडलासुद्धा नाही.

“एक अट काढलीय यात,” मैत्रीण म्हणाली. “उद्या बंद असेल तर आज वरच्या गल्लीची वेळ आधी, अशी.”

“का काढली?”

“मला काय माहीत! काम दिलं होतं कोड सोपा करायचं. आता पालिकेने वेळ बदलली म्हणून काढली, की ह्या एजंटला ती अट नुसतीच विचित्र दिसली म्हणून काढली, कसं कळणार?”

“मग त्यालाच विचार ना.”

“विचारलं. त्याला मागचं काही आठवत नाही यार. तोही हीच चिठ्ठी वाचून मला सांगतोय, समान न्यायासाठी काढली.”

दादाला फोन लावला, मावशीचं सांगितलं. तो उलट खूश. “अगं, समान वेळेची मागणी आपणच केली होती ना? मान्य झाली असेल.”

“असेल म्हणजे? तू कुठे वाचलंस?”

“चिठ्ठीत लिहिलंय की स्पष्ट!”

“ती आपल्याच एजंटने लिहिलीय, दादा!”

पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला मैत्रीण सारखा फोन लावत होती. तो उचलत नव्हता. मी मावशीला काही सांगणार, तोवर दादाने तिला परस्पर फोन करून कळवून टाकलं होतं: थांबा, संध्याकाळी येईल. ठामपणे. मावशी थांबली.

चावीवाल्याचा फोन लागला तोपर्यंत टँकर रिकामा होऊन निघून गेला होता. “समान कसलं ओ?” तो चिडला. “नेहमीसारखं वर आधी सोडलं. बंदच्या आदल्या दिवशी खालच्या सगळ्यांच्या मोटरी लागल्या की वर थेंब चढत नाही, म्हणून तर वर आधी. हे काय नवीन आहे का?”

मी संध्याकाळी टेकडी चढून गेले. मावशी पायरीवर बसली होती, शेजारी पिंपं पालथी. मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली, “तुमचा मेसेज आलाच नसता ना बाय, तर मी शेजारणीला सांगून गेले असते.” खालच्या गल्लीतल्या बायकांनी पाणी आल्यावर आधी हंडे भरू दिले, मोटरी उशिरा लावल्या, आणि ते हंडे आम्ही सगळ्यांनी वर चढवले. बाळाच्या आंघोळीचं भागलं. डब्यांचं नाही. दोन दिवस चूल बंद, आणि एका ऑफिसने तेवढ्यात दुसरी बाई बघितली.

त्या आठवड्यात मी ती सूचनांची फाइल उघडली. “ठाम लिही” खोडलं. लिहिलं: काय बिघडलं होतं आणि कोणाचं, ते सांग. जुनं काही काढलंस तर ते कशासाठी होतं ते सांग. कळलं नसेल तर कळलं नाही असं लिही आणि थांब, माणसाला विचार. वस्तीतली परिस्थिती बदलली की फक्त कोड, हे वेगळं सांग. जे तपासलं नाहीस तेही लिही. घोषणा नकोत.

मग एजंटला तीच अट परत घालायला लावली. पहिल्या खेपेला पुन्हा “महत्त्वपूर्ण सुधारणा” छापाची घोषणाच आली. चिठ्ठी परत केली, चावीवाला काय म्हणाला ते सांगितलं. दुसऱ्या खेपेला आलं:

“बंदच्या आदल्या दिवशी वरच्या गल्लीची वेळ पुन्हा आधी आणली. त्या दिवशी खालच्या सगळ्या मोटरी सुरू झाल्यावर वर पाणी चढत नाही, म्हणून तिथे आधी सोडतात. मागच्या बदलात ही अट कारण न शोधता काढली होती; सोडण्याची वेळ प्रत्यक्षात बदलली नव्हती. बंद ऐन वेळी रद्द झाल्यास काय होईल, ते तपासलेले नाही.”

दादाने वाचलं. “शेवटची ओळ काढ. लोक म्हणतील यांनाच खात्री नाही.”

“नाहीच आहे.”

“पत्रकात असं लिहितात का?”

“हे पत्रक नाही, दादा. मुलुंडच्या टेकडीवर कोणीतरी हे वाचून ठरवणार आहे. त्याच्याकडे ना तुझा नंबर, ना चावीवाल्याचा.”

ओळ राहिली. आमचं अजून धड जमलेलं नाही, पण पुढच्या बंदच्या आदल्या दिवशी मावशीला मेसेज दुपारचा गेला आणि तिने पिंपं भरल्याचा फोटो मला पाठवला.

आता तुम्ही. तुमचा एजंटही लोकांच्या वापरातला कोड बदलत असेल. त्याच्या सूचनांची फाइल आज उघडा. जुनं काढताना कारण लिही आणि न तपासलेलं कबूल कर, हे त्यात नसेल तर घाला. शेवटची चिठ्ठी वाचा. तेवढ्यावरून मावशीला “थांब” की “उतर” हे सांगता येत नसेल, तर तो बदल मंजूर करू नका. परत पाठवा.