राबाच्या दिवशी बांधलेला कुत्रा

भोरला एस.टी. डेपोजवळ उन्हाळ्यात उभ्या टेम्पोखाली कुत्री झोपतात. टेम्पो हलला की उठतात आणि दुसऱ्याखाली जाऊन पडतात. दुपारी कॉलेजातून घरी येताना मी तिथं उगाच रेंगाळते. आमचा कुत्रा आठवतो.

तो गुंजवण्याला माझ्या वडिलांकडे, आबांकडे असायचा. तांबूस, एक कान फाटलेला, अस्सल गावठी. उन्हाळ्यात त्याचं त्यालाच सगळं कळायचं: सकाळी गोठ्याजवळ, दुपारी रांजणाखालच्या ओल्या मातीत, उन्हं कलली की ओढ्यात. जन्मात कुणी त्याला दोरी लावली नव्हती. शहाणपण शिकवायला मी होते ना, भोरची! सारवायची कटकट नको म्हणून अंगणात सिमेंटचा कोबाही मीच घालून घेतला होता.

त्या वर्षी राब भाजायला मी गावी गेले. भाताचं बी टाकायच्या आधी त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, टहाळं पसरून पेटवतात, तो राब. राब पेटला की उंदीर बाहेर पळतात, आणि आमचा कुत्रा त्यांच्यामागं थेट विस्तवात घुसायचा. आदल्या वर्षी मिशा करपवून घेतल्या होत्या. म्हणून मी त्याला गोठ्याच्या अंगणाकडच्या खांबाला बांधला, चांगली सावली बघून, पाण्याचं भांडं ठेवून.

आबा म्हणाले, "बांधू नगंस पोरी. सावली काय खांबाला बांधल्याली न्हाई."

"तासाभराचं तर काम हाय आबा. तुमी चला."

राब पेटला आणि वारं उठलं. ठिणग्या बांधावरच्या वाळल्या गवतात पडायला लागल्या. ओल्या डहाळ्यांनी त्या विझवता विझवता दुपार झाली. घरी आलो तर सावली पार गोठ्यामागं गेलेली. कुत्रा तापलेल्या कोब्यावर आडवा पडला होता. भांडं उपडं, तोंडाला फेस. हाक मारली तर शेपूटसुद्धा हलली नाही.

आबा पुढं धावले. दोरी कापून त्याला उचललं, रांजणाखाली नेलं, आणि पंचा भिजवून त्याच्या पोटाला, जांघेत, पायांना लावत राहिले.

"सूप आण. वारा घाल."

मी वारा घालत होते आणि रडत होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथं माझ्या शहाणपणापायी एक जीव चालला होता. उन्हं कलताना त्यानं मान उचलली आणि आबांच्या ओंजळीतलं पाणी चाटलं. पंजे मात्र भाजले होते.

पंजे महिन्याभरात बरे झाले. पुढं दोन वर्षं तो जगला. पण मी गावी गेले की लांबूनच शेपूट हलवायचा. भाकरी पुढं केली तर बघत उभा राहायचा. ती खाली ठेवून मी मागं सरले की मगच यायचा. आबांच्या मांडीवर तोच कुत्रा डोकं टाकून झोपायचा.

"माझ्यावर राग धरलाय का यानं?" मी एकदा आबांना विचारलं.

"राग न्हाई गं," आबा म्हणाले. "तुझ्या हाताला भितंय ते."

त्यानंतर दर खेपेला मी अंगणात बसून भाकरीचा तुकडा हातात धरून ठेवायचे. अंधार पडेपर्यंत. त्यानं एकदा तरी तो माझ्या हातातून घ्यावा, एवढंच मला हवं होतं. त्यानं घेतला नाही.