देवधर काकूंची कोरी डिस्क

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ती हे सदर वाचत नाही, हे लिहायला बसण्याचं एक कारण समजा.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आज आहे का, ते सांगता येत नाही. इथले अनुभव मी नेमाने वाचतो... घाटातलं वळण, पिंपळ, अमावास्या. माझ्याकडे यातलं काहीच नाही. विश्रांतवाडीत आळंदी रोडच्या आतल्या बाजूला एक सोसायटी, दुसरा मजला, भर दुपार, समोर चहा आणि चकली. नावं बदलली आहेत, बाकी जसं घडलं तसं.

मी मूळचा कलर लॅबमधला माणूस. रोल धुवायचे, प्रिंट काढायच्या. डिजिटल कॅमेरे आले आणि बघता बघता लॅबला कुलूप लागलं. सतीश म्हणून लग्नाचे फोटो काढणारा ओळखीचा होता, त्याने मला त्याच्या स्टुडिओत घेतलं. लग्नात फोटोग्राफरच्या शेजारी लाइट धरून उभं राहायचं आणि नंतर गिऱ्हाइकाला द्यायच्या डिस्क तयार करायच्या, हे माझं काम. विमाननगरकडे रोज नवी काचेची इमारत उभी राहत होती तो काळ. कंपनीत लागलेले जावई सासऱ्याला सांगायचे, "अल्बम कशाला बाबा, आता सगळे कॉम्प्युटरवरच बघतात." मग नुसती डिस्क घ्यायचे. आम्हालाही ते सोयीचं होतं.

डिस्कची एक बाजू पांढरी असते. त्यावर नवरा-नवरीचा फोटो, दोघांची नावं, वर गणपती आणि सोनेरी अक्षरात 'शुभविवाह' असं प्रिंटरवर छापायचं. मग लाल सॅटिनचं अस्तर असलेल्या डब्यात ठेवून गोंड्याची दोरी बांधायची. नियम असा की आधी डिस्कवर फोटो भरायचे, ते उघडून बघायचे आणि मग लेबल छापायचं. पण शाई वाळायला वेळ लागतो. लग्नसराईत मी उलटं करायला लागलो. आधी सगळी लेबलं छापून डिस्क वाळत ठेवायच्या आणि मग एकेक भरायची. सतीशला हे माहीत नव्हतं. दिसायला काम भराभर होत होतं, तो खूश होता.

देवधरांच्या मुलीचं लग्न त्याच सीझनमधलं. कार्यालयात मंगलाष्टकं सुरू व्हायच्या बेतात होती आणि मला लाइटसाठी वायरचा बोर्ड हवा होता. तो शोधत मागच्या चौकात गेलो, तर नवरीची आई कुंडीतल्या तुळशीपाशी पाटावर बसलेली. हातात तांब्या, अंगावर हिरवी पैठणी. काही घरांत अशी पद्धत आहे... मुलीच्या डोक्यावर अक्षता पडत असताना आईने तुळशीला पाणी घालायचं, लग्न डोळ्यांनी बघायचं नाही.

मी म्हटलं, "काकू, एकट्याच?"

"माझ्या सासूबाई बसल्या, माझी आई बसली. मी काय वेगळी आहे?" मग माझ्या हातातल्या लाइटकडे बघून म्हणाल्या, "फोटो नीट काढा हं. व्हिडिओला आमच्या ह्यांनी नाही म्हटलंय. मला जे काय दिसायचं ते तुमच्या फोटोतच."

"काळजीच करू नका," मी म्हणालो.

अंतरपाट दूर झाला. नवरीने हार घातला, तो नवऱ्याच्या चष्म्यात अडकला आणि चष्मा घसरला. मी लाइट धरून अगदी जवळ होतो. नकळत हात पुढे गेला आणि चष्मा मी झेलला. त्या एका फोटोत बरोब्बर मधोमध माझा हात आला. आदल्या दिवशी कटरने अंगठा कापला होता, त्यावर चिकटपट्टी, तीसुद्धा स्वच्छ दिसत होती. सतीशने कॅमेऱ्यात बघितलं आणि म्हणाला, "वा मोहनराव! पाणिग्रहण झालंच तुमचं. उडवा तो." स्टुडिओत आल्या आल्या सगळ्यात आधी मी तो फोटो उडवला.

देवधरांच्या दोन डिस्क होत्या. एक अमेरिकेला निघालेल्या मुलीची, एक आईवडिलांची. डबे भरताना मी त्यांची डिस्क उचलली आणि सहज मागची बाजू बघितली. फोटो भरलेल्या डिस्कवर मागून एक गडद कडं दिसतं. नव्या डिस्कवर ते नसतं, सगळीकडे एकसारखा जांभळट रंग. ह्या डिस्कवर कडं नव्हतं. दुसरी बघितली. तिच्यावरही नव्हतं.

लेबल लागलेलं बघून 'झाली' असं समजून मी त्या दोन्ही बाजूला ठेवल्या होत्या. आणि 'झाली' म्हणून कॉम्प्युटरवरचा त्यांचा फोल्डर पुसला होता, कारण जागा नेहमी कमीच पडायची. त्यावर पुढच्या दोन लग्नांचे फोटो येऊन बसले होते. कॅमेऱ्यातली कार्डंही पुन्हा वापरून झाली होती.

सतीश तेव्हा चार पावलांवर होता. बोर्ड घ्यायला तुळशीपाशी गेलो होतो, ते सगळं डोळ्यासमोर आलं. मला सांगता आलं असतं. मी काय केलं, तर मऊ फडक्याने डिस्कवरचे बोटांचे ठसे पुसले, ती डब्यात बसवली आणि दोरीची गाठ मारली. दुसरीलाही तेच. लोक डिस्क महिनोन्‌महिने उघडत नाहीत, हे ऐकून होतो. उघडली तर 'तुमच्या प्लेअरला चालत नसेल' म्हणायचं, हेही ऐकून होतो.

डबे न्यायला देवधर काका स्वतः आले. डबा हातात फिरवून म्हणाले, "छान आहे. आत पेढे नाहीत ना? नाहीतर आमची ही वाटून टाकायची सोसायटीत." मी हसलो.

मग काही आठवडे गेले. फोन वाजला की मला वाटायचं, तोच. फोन नाही आला, काकाच आले. सतीशसमोर स्टुलावर बसले.

"मुलीची डिस्क तिकडे उघडत नाहीये. जावई कॉम्प्युटरमधले आहेत, त्यांनी सगळे उपाय करून बघितले म्हणे. कोरी आहे म्हणतात."

सतीशने माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "प्रवासात... कधी कधी... आणि तुमची?"

"आमची चालते." काका छताच्या पंख्याकडे बघत होते. "ही रोज दुपारी लावून बसते. मुलीला फोनवर एकेक फोटो वर्णन करून सांगते. तिकडे त्यांची झोपायची वेळ."

सतीश म्हणाला, "मग प्रश्नच मिटला. ती आणून द्या काका, कॉपी करून देतो."

"मी मागितली. म्हणते, हरवलीत तर? त्या लाइटवाल्यांना पाठवा, त्यांच्याच हातात देईन."

मला वाटलं, त्यांना कळलंय. घरी बोलावून, चहा पाजून, पुणेरी पद्धतीने माझी सालं काढणार आहेत. मी जाताना सायकलवर माफीची वाक्यं जुळवत होतो.

काकूंनी हसून दार उघडलं. "या! आमच्या जावयांचा चष्मा वाचवलात तुम्ही."

मी चप्पल काढता काढता थांबलो. पण चष्मा पडलेला सगळ्या मांडवाने बघितला होता, कोणीही सांगितलं असेल. मी आत जाऊन बसलो. काकूंनी टीव्हीवरचं क्रोशाचं झाकण काढलं, डब्यातून डिस्क काढली, कडांना धरून, जशी धरायला हवी तशी. प्लेअरमध्ये घातली. प्लेअर थोडा घरघरला.

पडदा निळा झाला. कोपऱ्यात बारीक पांढरी अक्षरं, 'नो डिस्क'.

आणि काकूंनी रिमोट हातात घेऊन बोलायला सुरुवात केली.

"हे सीमांतपूजन. विहीणबाईंचं तोंड बघा, चहा गार मिळाला होता." बटण. "ही गौरीहरापाशी बसलेली. रडून नाक लाल झालंय, तरी पावडर लावलीये." बटण. "हा मामा. ह्याला म्हटलं होतं, पोट आत घेऊन उभा राहा..." बटण.

पडदा निळाच होता. मी आधी पडद्याकडे, मग त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्या मला दाखवण्यासाठी काही करत नव्हत्या. त्यांचे डोळे पडद्यावर डावीकडून उजवीकडे फिरत होते, एखाद्या ठिकाणी थांबत होते, बारीक होत होते. चेहऱ्यावर निळा उजेड पडला होता. काका शेजारच्या खुर्चीत, हातात पेपर. पेपर वाचत नव्हते.

"आणि हा बघा," काकू म्हणाल्या, आणि उठून पडद्याजवळ गेल्या. "अंतरपाट निघाला तो क्षण. ती किती सरळ बघतेय त्याच्याकडे! मला वाटलं होतं, लाजेल." त्या थोडा वेळ तिथेच उभ्या राहिल्या. मग पुढचं बटण दाबलं आणि हसल्या. "हा चष्मा. आणि हा मध्ये आलेला हात तुमचाच ना? अंगठ्याला पट्टी आहे."

त्यांनी निळ्या काचेवर बोट ठेवलं होतं. मधोमध.

मी हात मांडीखाली घेतला. जखम केव्हाच भरली होती, पट्टी नव्हती. तो फोटो डिस्कवर असूच शकत नव्हता. मी डिस्क नीट भरली असती, तरीही नसता.

"हो," मी म्हणालो. "माझाच."

चहा प्यायलो. चकली खाल्ली. काकूंनी डिस्क डब्यात ठेवून माझ्या हातात दिली. "उद्या दुपारच्या आत परत हवी हं."

काका जिन्यापर्यंत सोडायला आले. दार ओढून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "तुम्हाला दिसलं?"

या प्रश्नाला 'नाही' हे खरं उत्तर होतं. पण 'नाही' म्हटलं की पुढचं सगळं सांगावं लागणार होतं — कडं, फडकं, गाठ.

"हो," मी म्हणालो. "छान आलेत फोटो."

त्यांनी मान हलवली. सुटल्यासारखे दिसले आणि थकल्यासारखेही. "म्हणजे माझेच डोळे. मला नुसतं निळं दिसतं हो. हिला कसं सांगायचं म्हणून मीही हो-हो म्हणत बसतो." कठड्याला धरून पुढे म्हणाले, "बघतो, डॉक्टरकडे जाऊन येतो."

"हाताचं... त्या पट्टीचं, तुम्ही सांगितलं होतं काकूंना?"

"कसली पट्टी?" ते म्हणाले.

स्टुडिओत येऊन मी ती डिस्क कॉम्प्युटरमध्ये घातली. कोरी. या डिस्कवर काय भरायचं आहे, असं कॉम्प्युटर मला विचारत होता. मी ती बाहेर काढली आणि दुसऱ्या दिवशी तशीच परत नेऊन दिली. कॉपी होत नाही म्हणून सांगितलं. काकू म्हणाल्या, "राहू दे. मी सांगते ना तिला रोज."

पुढे एकदा काका औषधाच्या दुकानासमोर भेटले. डोळ्यांवर तो हिरवा चष्मा, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर देतात तो. मी विचारलं, कसं आहे आता.

"उत्तम. बसच्या पाट्या वाचतो, तुमच्या शर्टाचं तुटलेलं बटण दिसतंय." मग चष्मा सारखा करत, "ते मात्र अजून तसंच. निळं. डॉक्टर म्हणतात, डोळ्यांत काही राहिलेलं नाही. मग डोक्यातच असेल."

मी म्हटलं, "वयाने होतं असं."

हे वाक्य मी त्या माणसाच्या तोंडावर बोललो. बाकी जे केलं ते घाबरून केलं, असं म्हणता येईल. याला तसं काही म्हणता येत नाही.

त्यानंतर मी त्या गल्लीतून जायचं टाळलं. स्टुडिओही सोडला. पुष्कळ विचार केला. काकूंनी लोकांकडून ऐकून ऐकून मनात फोटो तयार केले असतील. आईचं मन आहे, करू शकतं. चष्म्याचं कोणीतरी सांगितलं असेल. हात मध्ये आला, हेही कोणी बघितलं असेल. अंगठ्याची पट्टी? त्या गर्दीत? तुळशीपाशी तर तो हात लाइटच्या मागे होता. आणि नेमकं त्याच फोटोच्या जागी, पडद्याच्या मधोमध बोट? सतीश कधीच त्यांच्या घरी गेला नाही, हेही मी आडून विचारून घेतलं आहे. ज्याने ते फोटो पुसले त्याला निळं दिसलं, हे एक वेळ समजू शकतो. काकांना का दिसलं नाही, हे मला अजिबात कळत नाही. ते तर लग्नात होते. कदाचित त्यांनी बघितलेलं होतं म्हणूनच. पण हा माझा नुसता तर्क.

मागच्या वर्षी काकू गेल्या. सोसायटीच्या फाटकावर फ्लेक्स लावला होता, बसमधून दिसला. फोटो हिरव्या पैठणीतला होता... आमच्याकडचा नसणार, आमच्याकडे एकही उरला नव्हता. काका अजून तिथेच राहतात, एकटे. मुलगी वर्षातून एकदा येते, असं खालच्या वाण्याने सांगितलं. त्यानेच सहज बोलताना सांगितलं की आजोबा दुपारी टीव्ही लावून बसतात, पण आवाज कधी येत नाही.

मुलीचे फोटो मी देऊ शकत नाही. काकू हयात होत्या तोवर गप्प राहायला निमित्त होतं, खरं सांगितलं तर त्यांचं लग्न पुसलं जाईल असं मी स्वतःला सांगत होतो. आता तेही नाही. दोनदा त्या जिन्यापर्यंत गेलो आणि परत आलो.

देवधर काकांचे डोळे चांगले होते. डोकंही. पडदा मलाही निळाच दिसला होता. हे मी त्यांना सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.