आभाळाला भोक, आमच्या डोक्याला ताप

फ्रीज दुरुस्त करणाऱ्याकडे फ्रीजपेक्षा माणसांचे किस्सेच जास्त साठतात. लोक "जरा गॅस बघा" म्हणून बोलावतात आणि चहा येईपर्यंत एक नवा किस्सा तयार! कोल्हापुरात माझं आणि बापूचं भागीदारीत दुकान होतं. नव्वदच्या दशकात ते ओझोनचं प्रकरण आलं आणि आमच्या डोक्याचा पार भुगा झाला.

*

आधी आम्हालाच ट्रेनिंग. फ्रीजमधला जुना गॅस वर वर जातो, तिथल्या कडक उन्हानं फुटतो, त्यातला क्लोरीन ओझोन खात सुटतो. म्हणून गॅस हवेत सोडायचा नाही, मशीननं सिलिंडरमध्ये ओढून घ्यायचा. बापू मागच्या रांगेत बसून जोरजोरात मान हलवत होता.

दुसऱ्या दिवशी पहिलाच फ्रीज. बापूनं पाइप कापला. फुस्स!

"अरे लेका, काल काय शिकलास?"

"आधी खिडकी उघडली की!"

*

मलकापुरात एका मेडिकलवाल्याचा फ्रीज बिघडला. मी मशीन लावून गॅस काढायला बसलो. काम लांबलं, तसा तो वैतागला.

"पावणं, सोडून द्या की हवेत. कशाला खोळंबा?"

मी ओझोनचं सगळं पुराण सांगितलं. त्यानं मन लावून ऐकलं.

"मग भोक कुठं पडलंय?"

"अंटार्क्टिकावर."

"मग तिकडच्या मेकॅनिकला सांगा की! माझ्या दुकानात का बसलाय?"

*

पुढं नवे फ्रीज आले. एक गृहस्थ तावातावानं दुकानात शिरले.

"फ्रीजवर छापलंय, 'सीएफसी फ्री'. शोरूमवाल्यानं दिलंच न्हाय! तुमच्याकडं सुटं मिळंल का?"

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, काका, सीएफसी म्हणजे तो ओझोन खाणारा जुना गॅस. तो यात नाही, असं लिहिलंय.

काका जास्तच भडकले. "म्हंजे जुन्यात हुतं ते काढून घेतलं, आणि वर किंमत वाढवली व्हय?"

*

हुपरीहून फोन आला, "लवकर या, घर रिकामं केलंय!"

गेलो तर सगळं घर गल्लीत. म्हातारी आई तोंडाला पदर लावून खोकतेय. घरात पैंजणांचा कारखाना. मुलानं पैंजण सांधायच्या ज्योतीनं फ्रीजच्या गळक्या पाइपला स्वतःच डाग द्यायला घेतला होता. आत गॅस तसाच! तांब्याच्या पाइपपाशी तो गॅस जळला की ज्योत हिरवी होते आणि विषारी वाफ निघते. आईला आधी डॉक्टरकडे नेलं. ती बरी आहे म्हटल्यावर मग माझा आवाज चढला.

"ज्योत हिरवी झाली तेव्हा तरी थांबायचं!"

डोळे पुसत तो म्हणाला, "थांबलो की! म्हटलं, कंपनीनं तांबं भेसळीचं घातलंय!"

*

त्या म्हातारीचा खोकला बापूच्या मनात राहिला. तेव्हापासून गडी बदलला. शाहूवाडीच्या डोंगरातसुद्धा मशीन घेऊन जायचा. घरोघरच्या जुन्या फ्रीजमधला गॅस गोळा करून त्यानं अख्खा सिलिंडर भरला. उन्हाळ्यात त्यावर ओलं पोतं टाकायचा. मी हसलो की म्हणायचा, "हसू नको. एवढा तरी वर गेला न्हाय."

त्यातला गॅस शुद्ध करायला सिलिंडर पुण्याला जायचा होता. त्याच्या आदल्या दिवशी ओझोन दिनाचा कार्यक्रम होता आणि त्यात बापूचा सत्कार! सिलिंडरला हार घालून स्टेजवर ठेवला. बापू इस्त्रीच्या शर्टात.

प्रमुख पाहुणे भाषण संपवून सिलिंडरजवळ गेले.

"यात खरंच गॅस हाय का?" म्हणाले आणि व्हॉल्व्ह पूर्ण फिरवला.

फस्सऽऽऽ! स्टेजभर पांढरा धूर. बापू खुर्ची पाडून धावला. पण व्हॉल्व्हवर बर्फ चढलेला, फिरेना. बोटं भाजल्यासारखी झाली तरी सोडेना. मी मागून त्याला धरलं, तो "साहेब, साहेब" एवढंच म्हणत होता. सिलिंडरचा आवाज बारीक होत होत थांबला.

पाहुण्यांनी माइक ओढला.

"बघा मंडळी! वास न्हाय, काय न्हाय. उलट किती गार वाटलं!"

सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या.