सी म्हणजे चालू

गाडीने मला पहिल्याच आठवड्यात मारलं. किक उलटी आली आणि लोखंडी दांडा नडगीवर असा बसला की पँट फाटून आतलं पांढरं दिसलं. कांजूरला चाळीसमोरच्या धुळीत मी बसकण मारली. ओरडलो मात्र नाही, कारण समोरच्या ओट्यावर मामा बसला होता. गिरणी सुटल्यापासून तो दिवसभर तिथेच असायचा. तो म्हणाला, "अजून एक मार. बघूया कोण जिकता तां."

मी अजून एक मारली. तीही उलटी आली.

एकशे पंच्याहत्तर सीसीची जुनी इटालियन मोटारसायकल होती ती, माझ्यापेक्षा वयाने दोन-तीन वर्षांनी मोठी. कांजूरगावातल्या एका ख्रिश्चन म्हाताऱ्याच्या गोठ्यात पडून होती आणि तिच्या सीटवर कोंबड्या बसायच्या. मी मुलुंडला एका गाळ्यात फिटर होतो. एका रविवारी मी म्हाताऱ्याच्या विहिरीचा पंप चालू करून दिला, तर तो म्हणाला, "ही पण ने. पोर दुबईला गेला, तो काय परत हिच्यावर बसत नाय." कागदपत्रांसकट दिली. तोवर मला कुणी चपलेपेक्षा मोठी वस्तू दिली नव्हती. ढकलत नेताना मी दोनदा थांबून मागे वळून हात जोडले. दुसऱ्या वेळी तो चिडला. "अरे, जा ना आता!"

गाव सोडून मला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. शाळा आठवीत सुटली. इंग्रजीच्या मास्तरांनी फेकलेला डस्टर कानावर बसला, रक्त आलं, आणि मी दप्तर तिथेच टाकून घरी आलो ते परत गेलो नाही. अक्षरं ओळखता यायची, शब्द जुळवताना घाम फुटायचा. मुंबईत जे शिकलो ते दुसऱ्याच्या हाताकडे बघून. तोंडाने विचारायचं नाही हा माझा नियम, कारण विचारलं की समोरचा म्हणणार, तिथे लिहिलंय ना, वाच की.

टाकीखाली पेट्रोल चालू-बंद करायचा कॉक होता आणि त्याच्याभोवती रुपयाएवढा गोल पत्रा. पत्र्यावर तीन अक्षरं होती: ए, सी, आर. मी कॉकचा कान, म्हणजे फिरवायची चावी, सीवर केला. सी म्हणजे चालू, यात मला शंकाच नव्हती. गाडी चालू होईना. नडगी दोनदा फुटली ती याच पायी. शेवटी पाइप काढून बघितला तर सीवर थेंब नाही आणि एवर धार. मला वाटलं, कुणीतरी मागे उघडून पत्रा उलटा बसवलाय. स्क्रू काढले, कानसीने भोक वाढवलं आणि पत्रा असा फिरवला की धार सुटते तिथे सी यावा आणि थांबते तिथे ए. ए म्हणजे अडव. आर कुठे गेला ते मी बघितलंही नाही. पुढच्या किकेला गाडी सुरू झाली आणि मामा ओट्यावरून उठून उभा राहिला.

तिच्या सुट्या भागांसाठी घाटकोपरच्या एका दुकानात खेटे घालताना आणखी चौघे भेटले. सगळ्यांकडे तसल्याच इटालियन, त्याच काळात आलेल्या. घाटकोपरवाला गुजराती, बापाचं धान्याचं दुकान. अंधेरीचे दोघे भाऊ, ते बोलण्यापेक्षा एकमेकांना ढकलायचेच जास्त. आणि बोरीवलीच्या गावठाणातला बसड्रायव्हर, ख्रिश्चन, चाळिशीचा, मनगटं माझ्या पोटरीएवढी. मी त्याला 'अहो' म्हणालो तर म्हणाला, "तू काय मला डेपो मॅनेजर समजतो? तू बोल." मला तू जमेना, मग दादावर भागवलं.

त्या गाड्यांचं काही सरळ हाताने व्हायचं नाही. माप कुठलं जुळायचं नाही, पान्हा सटकायचा. धाकट्या अंधेरीवाल्याचा पुढचा दात असाच गेला. थोरल्याने हसत हसत दात उचलून त्याच्याच खिशात घातला आणि मग दोघे तिथेच एकमेकांच्या अंगावर गेले. बेअरिंग स्टोव्हवर तापवून घणाने बसवायचं, पिस्टनची पिन ठोकून काढायची. माझ्या अंगठ्याचं नख वर्षातून दोनदा काळं व्हायचं. बाहेर जपानी शंभर सीसीच्या गाड्या निघाल्या होत्या, बटण दाबल्यासारख्या चालायच्या. मुलुंड नाक्यावर एकजण माझ्या सीटवर रेलून म्हणाला, "आजीला घेऊन फिरतोस काय रे?" मी त्याला हातातल्या चावीसकट ठोसा मारला. त्याचा गाल फाटला.

महिन्यातून एका रविवारी आम्ही पाचजण मिळून लांब जायचो. त्याची आखणी दादाच्या ओटीवर व्हायची. शहाबादीवर खडूने रस्ता काढायचा, थांबे मारायचे, क्लचची केबल कुणाकडे, प्लग कुणाकडे ते ठरवायचं. सगळ्यात मोठं भांडण 'पुढे कोण' याचं. एकदा घाटकोपरवाल्याने थोरल्या अंधेरीवाल्याची कॉलर धरली, खडू तुटला आणि वहिनी आतून ओरडल्या, "बाहेर जाऊन मरा!" तेव्हा दादाने कायदा केला. सगळ्यात हळू गाडी सगळ्यात पुढे. म्हणजे कुणी मागे सुटत नाही. हळू गाडी माझी. आठवी सुटलेला मी, आणि माझ्यामागे चार गाड्या ओळीने यायच्या. असा मान मला गाळ्यात नव्हता, चाळीत नव्हता. मी शनिवारी दोनदा गाडी पुसायचो, कारण उद्या माझ्यामुळे काही बिघडलं तर हे मला पुढच्या वेळी बोलावणार नाहीत.

त्या रविवारी अर्नाळ्याला जायचं होतं. पवईवरून, आरे कॉलनीतून मी बोरीवलीला आलो आणि पाचही गाड्या हायवेने उत्तरेला निघाल्या. घोडबंदरच्या चढाला माझी गाडी खोकायला लागली. कार्बोरेटर भरून वाहत होता; पेट्रोलचा वास मला येत होता, पण पुढे असताना थांबायचं कसं, या लाजेने मी दामटत राहिलो. एकदा जोरात भडाका झाला आणि मांडीखाली जाळ दिसला.

मी उडी मारली, गाडी स्टँडवर ओढली आणि वाकून कॉकचा कान एवर फिरवला. माझ्या हिशेबाने पेट्रोल बंद. आणि खरंच बंद होतं. जाळ खालच्या खाली फडफडत होता, दोन मूठ मातीत विझला असता.

तोवर दादा येऊन पोचला. त्याने कान कुठल्या अक्षरावर आहे ते बघितलं.

"एवर काय ठेवलास, गाढवा! सीवर कर, सीवर!"

"दादा, नको..."

त्याने मला छातीत धक्का दिला. मी रस्त्याच्या कडेच्या दगडांवर उताणा पडलो. पडतानाच मला दिसलं, त्याने डावा हात जाळात घातला आणि कान ताकदीने सीवर फिरवला. धार सुटली. हात ओला झाला आणि ओला झाला तसा पेटला, कोपरापर्यंत. त्याने हात बाहेर काढला नाही. आता बंद झालंय, विझेल, असं त्याला वाटत होतं. तो कान आणखी घट्ट सीवर दाबत राहिला.

थोरल्या अंधेरीवाल्याने त्याला मागून कवळून खेचलं आणि मातीत लोळवलं. घाटकोपरवाल्याने शर्ट काढून हात गुंडाळला. माझ्या गाडीची टाकी फुटली तेव्हा आम्ही सगळे रस्त्याच्या पलीकडे होतो. दादा ओरडत नव्हता, नुसता दात खात होता.

जाळ बसल्यावर घाटकोपरवाला गाडीजवळ गेला. काळ्या पडलेल्या पत्र्याकडे त्याने बराच वेळ बघितलं.

"हा पत्रा कोणी फिरवला?"

"मी."

"का?"

"सी म्हणजे चालू."

तो पुन्हा म्हणाला, जरा हळू, "सी म्हणजे काय?"

"चालू."

पहिली लाथ त्याची. नंतर धाकटा अंधेरीवाला. मी डोकं झाकलं नाही. हेल्मेटचा एक फटका खांद्यावर बसला, एक तोंडावर, ओठ दातात घुसला. ते मारत होते आणि मारता मारता मला सांगत होते, "बंद! सी म्हणजे बंद, भडव्या, बंद!" बोरीवलीच्या चर्चचा पाद्री रोममध्ये शिकून आलेला, त्याला दादाने फार पूर्वी विचारलं होतं. तिकडच्या, इटालियन भाषेत बंदला सी आणि उघड्याला ए. चौघांनाही ठाऊक होतं. मी कधी विचारलंच नव्हतं, म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं.

"पुरे," दादा म्हणाला. "आधी मला न्या. त्याला नंतर मारा."

सरकारी दवाखान्यात भाजल्याची केस म्हणजे पोलीस येणारच. हवालदाराने विचारलं, कसं झालं? माझा सुजलेला चेहराही त्याला दिसत होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात दादा म्हणाला, "स्टोव्ह भडकला. हा विझवायला आला तो पडला." हवालदाराने लिहून घेतलं. दादाने माझ्याकडे बघितलंही नाही. मी बाहेर जिन्यावर जाऊन बसलो आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून रडलो.

हात तुटला नव्हता, पण पट्ट्या सुटल्या तेव्हा बोटं आत वळलेली होती, कातडी ताणून चिकटलेली. बसचा गिअर डाव्या हाताने पडतो. तीन महिन्यांनी डेपोच्या डॉक्टरसमोर उभं राहायचं होतं. मूठ उघडली-मिटली तर स्टिअरिंग, नाहीतर घरी. घरात दोन पोरी शिकत होत्या. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, तेल लावून रोज बोटं सरळ करा आणि मिटवा, ओरडले तरी सोडू नका. वहिनींना ते जमेना. बोट धरलं की त्याच आधी रडायच्या.

मी म्हणालो, मी करतो.

आठवड्यातून तीनदा, पहिली पाळी सुटली की बोरीवली. त्याच ओटीवर, खडूचे रस्ते अजून पुसट दिसत होते तिथे. मी त्याचा हात मांडीवर घ्यायचो, खोबरेल चोळायचो आणि एकेक बोट उलटं दाबायचो. गंजलेला बोल्ट सोडवताना जसा एका क्षणी तो सैल पडतो तसं ते सुटत नव्हतं. कातडी फाटून लस यायची. दादा आईवरून शिव्या द्यायचा, माझ्या आईवरून, तिच्या आईवरून. उजव्या हाताने माझ्या पाठीत गुद्दे घालायचा.

"सोड! सोड, भोसडीच्या, माझा दुसरा हात पण पेटव आता!"

"अजून पाच वेळा, दादा."

"तुला मोजायला तरी येतं काय?"

"पाचपर्यंत येतं."

एकदा त्याने हिसडा मारून माझ्या नाकावर डोकं हाणलं. माझं रक्त त्याच्या तळहातावर पडलं. मी बोट सोडलं नाही. वहिनी दारात पदराने तोंड दाबून उभ्या होत्या. निघताना दर वेळी चहा मिळायचा. तो मी घशाखाली ढकलायचो, कारण त्या घरचा चहा प्यायला मला तोंड नव्हतं आणि नाही म्हणायलाही नव्हतं.

तपासणीच्या दिवशी मी सुट्टी मागितली, मालकाने दिली नाही. सकाळपासून दोन ड्रिल मोडली. मालक म्हणाला, "लक्ष कुठंय तुझं? तिसरं मोडलंस तर तुझ्या डोक्यात घालीन." दोनच्या सुमाराला गाळ्याच्या दारात दादा उभा राहिला, खाकी कपड्यात. चेहऱ्यावर काही नाही. त्याने बोटाने मला बाहेर बोलावलं. मी हात पुसत गेलो आणि त्याने माझ्या कानशिलात दिली. डाव्या हाताने.

मी ऑइलच्या ड्रमवर आदळून खाली बसलो. डोळ्यांसमोर पिवळं झालं. आतून दोघे सळया घेऊन धावले. "थांबा!" मी ओरडलो. "थांबा, आपला माणूस आहे!"

दादा माझ्यावर वाकला. "लागलं?"

"लागलं."

"किती बोटं लागली?"

मी गाल चाचपला. "पाच."

"खोटं नको बोलू. करंगळी नाय लागली. ती उघडतच नाय, डॉक्टर पण तेच बोलला." त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यासमोर धरला, मग मला वाचायला वेळ लागेल हे आठवून स्वतःच म्हणाला, "बाकी पास. उद्या सकाळची पहिली गाडी माझी."

मी खाली बसल्या बसल्याच त्याचा तो हात दोन्ही हातांत धरला. त्याने ओढून घेतला.

"सोड. दुखतो अजून."