छत्रीने मोजलेला बाजार

आमच्या बाजारातला सोपोकार छत्रीने जागा मोजायचा. सोपो म्हणजे बाजारात बसण्याचा कर. बाकीचे सोपोकार हातात टेप घेऊन फिरत, ह्याच्या काखेत काळी, लाकडी मुठीची छत्री. विक्रेत्याच्या डोक्यावर ती उघडायची. माणूस आणि माल तिच्या सावलीत मावला, तर टोपलीचा दर, म्हणजे अगदी किरकोळ. मावला नाही, की छत्री मिटून जमिनीवर आडवी टाकायची आणि एक, दोन, तीन असं मोठ्याने मोजत जायचं; जितक्या छत्र्या, तितका सोपो. सगळे त्याला मामा म्हणत. मीही म्हणायचो, पण दातओठ खाऊन.

कोरगावहून डोक्यावर नारळाची टोपली घेऊन मी ह्या बाजारात आलो, तेव्हा तो मला 'बाबू' म्हणायचा. छत्री उघडायचा, पावती फाडायचा आणि पुढे जायचा. पुढे मी सुक्या मिरचीत शिरलो. बेळगावहून टेम्पो आणू लागलो, ताडपत्री बांधली. त्याच दिवशी छत्री पहिल्यांदा माझ्यापुढे आडवी पडली आणि बाबूचा 'शेट' झाला. हे मला फार लागलं. मला कोणी काही फुकट दिलं नव्हतं. पहाटे चारला उठून, एकेका रुपयासाठी भांडून मी वर आलो होतो.

"मामा, जमीन एकच, ऊन एकच, मग दर वेगळा कशाला?" मी एकदा सगळ्यांसमोर विचारलं.

त्याने शेजारी तांबडी भाजी घेऊन बसलेल्या पार्सेच्या रुक्मिणबायकडे बोट दाखवलं. "तुझी मिरची आज नाय खपली, तर उद्या खपतली. तिची भाजी सांजेक सुकान जाता. ऊन एकच खंय रे, शेट?"

मी आवाज चढवला. त्याने शांतपणे सात छत्र्या मोजल्या. माझ्याकडे चहा कधी घेतला नाही. बायांकडचा मात्र घ्यायचा, वर साखर कमी म्हणून तक्रारही करायचा.

मग मी डोकं चालवलं. पावसाळ्याआधी पुरुमेताची खरेदी असते, घरोघर चार महिन्यांची बेगमी होते. वर्षातला आमचा सर्वांत मोठा बाजार तो. त्या दिवशी मी ताडपत्री बांधलीच नाही. रोजावर पाच बाया बसवल्या, प्रत्येकीपुढे मिरचीची एक टोपली. त्यांत रुक्मिणबायही होती. विचारलं तर माल आपला म्हणायचं, एवढं पढवून मी समोरच्या हॉटेलात जाऊन बसलो.

मामा आला. "कोणाची गो ही मिरची?"

"माझीच," रुक्मिणबाय म्हणाली.

"बरा. पावती तुझ्याच नावान फाडतंय." छत्री पाच वेळा उघडली, पाच पावत्या फाटल्या. मग हॉटेलाकडे तोंड करून तो ओरडला, "माल बायांचो! शेटाचो आज बाजारात काय एक नाय!"

तासाभरात केरीचा एक हॉटेलवाला आला. सगळी मिरची एकदम घेणार होता. घासाघीस करून मी त्याला माझ्या दरावर आणलं आणि टोपली उचलायला वाकलो. रुक्मिणबायने टोपलीवर हात ठेवला, दुसऱ्या हातात पावती.

"शेट, दर माका इचार."

सगळा बाजार हसला. मी बेभान होऊन ओरडत सुटलो, हॉटेलवाला काढता पाय घेऊ लागला. मामा गर्दीतून पुढे आला. "तुझो माल आसा तर तसा सांग. मोजतंय." गिऱ्हाईक जाण्यापेक्षा अब्रू गेलेली बरी. चार माणसांत मला म्हणावं लागलं, "माल माझा." अकरा छत्र्या भरल्या. तो राग अजून गेलेला नाही.

मामा निवृत्त झाला आणि गेल्या वर्षी वारला. सोपो आता ठेकेदाराकडे आहे. टोपली असो की टेम्पो, माणशी एकच पावती, सगळ्यांना सारखाच दर. इतकी वर्षं भांडून मागितलेलं मला आयतं मिळालं. पहिल्या बाजाराला वाचलेले पैसे मी दोनदा मोजले.

तिसऱ्या बाजाराला रुक्मिणबायची जागा रिकामी दिसली. निम्मी भाजी सोप्यातच जाते, आता येऊन काय करू, असं तिने निरोपात सांगितलं होतं. मिरची विकताना दिवसभर माझी नजर त्या जागेवर जात होती, आणि मामा मेल्यावरही माझ्याशी वाद घालत होता.

मी तिला निरोप धाडला. पुढच्या बाजाराला ती आली, आणखी चौघींना घेऊन. पाचही जणींच्या भाजीच्या टोपल्या मी माझ्या मालाला लावून मांडल्या. ठेकेदाराचा माणूस पावत्यांचं पुस्तक घेऊन आला.

"ह्यो कोणाच्यो?"

"माझ्या," मी म्हणालो. "बाया माझ्या कामाला आहेत. माणूस एक, पावती एक. नियम तुमचाच ना?"

त्याने डोळे वटारले. मीही वटारले. त्यात मला कोणी हरवलेलं नाही. शेवटी एक पावती फाडून तो गेला.

रुक्मिणबायने भाजीवर पाणी शिंपडलं. "शेट, आता भाजीचो दर तुका इचारू काय?"

मी तिच्यावर खेकसलो. मग उठलो, दोरी सोडली आणि ताडपत्री टोपल्यांवर एक छत्रीभर पुढे ओढून बांधली.